टीका, देवी आणि लस

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाची भाषा थोडीबहुत बाटते, असे आमचे पुण्याचे आप्तेष्ट आम्हांस वरचेवर ऐकवीत असत. बाटत असेलही. परंतु आपल्या भाषेतील नित्याच्या शब्दांकडे क्षणभर थांबून पाहण्याची बुद्धी परमुलखातच होते, हेही तितकेच खरे. आमची पहिली नेमणूक १९७१ साली लखनौस झाली. रुजू होऊन पंधरवडा झाला नसेल, तोच कचेरीच्या फळ्यावर सूचना लागली की, सर्व कर्मचाऱ्यांनी येत्या बुधवारी ‘टीका’ लावून घ्यावी. आमच्याबरोबरच रुजू झालेले सोलापूरकडचे एक गृहस्थ ती सूचना वाचून थबकले आणि हलकेच विचारते झाले, “टीका करून घ्यायची ती कुणाकडून? वरिष्ठांकडून, की आपापसांत?”

मराठी माणसाच्या लेखी टीका म्हणजे दोषदिग्दर्शन. फार तर गीतेवर ज्ञानेश्वरांनी लिहिली तशी ग्रंथावरची टीका. हिंदीत आणि बंगालीत मात्र टीका दंडावर टोचतात. उलट आमच्या भाषेत देवीच्या रोगाचे नावही देवी आणि त्यावरच्या उपायाचे नावही देवी. ‘देवी आल्या’ म्हटले की घरात चूल मंदावायची आणि ‘देवी काढल्या’ म्हटले की पोराला खाऊ मिळायचा. उत्तरेत तिला माता म्हणतात. कलकत्त्यास आमच्या शेजारणी ‘मायेर दया’ असा शब्द वापरीत. आणि पुढे मद्रासेस गेल्यावर कळले की, तमिळांची अम्मै म्हणजेही आईच, आणि टोचण्यालाही ते तिचेच नाव जोडतात. इतक्या मुलखांतून फिरलो, पण त्या रोगाला शत्रू म्हणणारी भाषा आमच्या वाट्याला आली नाही.

राहिला ‘लस’ हा शब्द. जखमेतून किंवा फोडातून जो द्राव पाझरतो ती लस. वस्तू कोठून निघाली एवढे हा शब्द सांगतो. ती अंगात जाऊन काय करणार, याविषयी तो मूक आहे. आणि या दुसऱ्या गोष्टीवरच गेली सव्वादोनशे वर्षे भांडण चालू आहे.

आमचे सारे आयुष्य हिशेबतपासणीच्या खात्यात गेले. त्या खात्यातला पहिला पाठ असा की, खर्च योग्य झाला की नाही हे ठरविण्यापूर्वी तो कशासाठी मंजूर झाला होता तो कागद काढावा. पादचाऱ्यांसाठी मंजूर झालेला पूल बांधून झाला असेल, तर त्यावरून मालमोटार जात नाही असा आक्षेप टिकत नाही. मालमोटारीसाठीच पैसा दिला असेल, तर पादचारी जातात हे दाखवून सुटकाही नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत लशींविषयी जेवढे वाद आमच्या कानांवर आले तेवढे मागल्या पन्नास वर्षांत आले नव्हते. पण त्या वादात मंजुरीचा कागद कुणी काढल्याचे क्वचितच पाहिले.

निवृत्तीनंतर आम्ही पूर्व दिल्लीतील ज्या गृहनिर्माण संस्थेत राहतो, तेथे मराठी बिऱ्हाडे पंधरा-सोळा आहेत. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला आणि आम्हां साठीपलीकडच्यांची पाळी १ मार्चपासून आली. आम्ही रांगेत उभे राहिलो. काही लोक ‘पाहू, घाई काय’ म्हणून थांबले. एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीची काय दशा झाली, ते येथे सांगण्याचे कारण नाही. आमच्या सकाळच्या फेरफटक्यातले दोघे त्या दिवसांत गेले. त्यांच्यापैकी एकाने लस घेतली नव्हती, दुसऱ्याने एक मात्रा घेतली होती. त्यांच्या घरी भेटीस जाण्याचीही सोय नव्हती.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला आणि संस्थेतील जवळजवळ प्रत्येक घरात खोकला-ताप फिरून गेला. यावेळी कुणी गेले नाही. तापातून उठलेली मंडळी उन्हाला बसू लागली तेव्हा वादास तोंड फुटले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अभियंते म्हणाले, “दोनदा टोचून घेतले, तरी झालाच. मग टोचले कशाला?” रसायनशास्त्राचे एक माजी प्राध्यापक त्यांस म्हणाले, “तुम्ही आज येथे बसून हा प्रश्न विचारीत आहात, हेच त्याचे उत्तर.” अभियंते ऐकणारे नव्हते. “न टोचताही बसलो असतो कदाचित. रोगच या खेपेस सौम्य असेल. जे घडले नाही ते लशीमुळे घडले नाही, हे तुम्ही एकट्या माझ्यावरून कसे सिद्ध करता?”

आम्हांस सांगावेसे वाटते की, अभियंत्यांचा हा दुसरा मुद्दा बिनतोड होता. एका माणसावरून ते सिद्ध होत नाही. हजारो माणसांचे दोन गट करून, एकाला लस व दुसऱ्याला नुसतेच पाणी टोचून, उभयतांची मोजदाद केली तरच ते कळते. प्राध्यापकांनी शास्त्राची बाजू घेतली खरी, पण उत्तर मात्र अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या वकिलासारखे दिले.

आता मंजुरीचा कागद. २०२० साली या लशींच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत मुख्यतः मोजले गेले ते हे की, लक्षणांसह आजारी पडून ज्यांची तपासणी सिद्ध झाली असे लोक कोणत्या गटात किती. रोगाचा विषाणू नाकात शिरतो की नाही आणि शेजाऱ्यास जातो की नाही, हा त्या चाचण्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. परंतु ‘शेकडा ९५’ असा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि तो कशाचा शेकडा, हे विचारण्यास कुणाला सवड नव्हती. जुलै २०२१ मध्ये खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका जाहीर कार्यक्रमात, लस घेतली की हा रोग होणार नाही, अशा अर्थाचे विधान केले. आरंभीच्या काही महिन्यांत लशीने संसर्गासही बराच आळा घातला होता, ही गोष्ट खरी. पण विषाणू पालटत गेला आणि तो आळा सैल झाला. मृत्यूपासून संरक्षण मात्र पुष्कळ टिकले. देणाऱ्याने एक दिले, घेणाऱ्याने दुसरेच घेतले असे समजले, आणि मध्यस्थांनी दोघांनाही होकार दिला.

हे काही नवे नाही. जेन्नरने १४ मे १७९६ रोजी एका आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवी टोचल्या. त्याची खात्री होती की, एकदा टोचले की जन्माची निश्चिंती. १४ जून १८०२ रोजी ती लस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडात उतरली आणि तेथून दंडादंडाने पुण्याकडे, सुरतेकडे व मद्रासेकडे गेली. पुढे ध्यानात आले की, बालपणी टोचलेल्यांनाही मोठेपणी देवी येतात. क्वचित येतात, बहुधा हलक्या येतात, पण येतात. झाले! जन्माचे वचन दिले होते ते मोडले, म्हणून इंग्लंडात लशीच्या विरोधकांनी रान उठविले. तेथे १८५३ साली लस सक्तीची झाली होती. १८८५ साली लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मिरवणूक निघाली, आणि अखेर १८९८ च्या कायद्याने, ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नाही त्यास सूट मिळाली. फेरटोचणीने त्या त्रुटीवर उपाय होतो हे जर्मनांनी त्याआधीच लष्करात करून पाहिले होते. पण एकदा मोडलेल्या वचनाची भरपाई फेरटोचणीने होत नाही.

आमच्या पिढीतील सरकारी नोकरांच्या सेवापुस्तकात ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असे. तीळ किंवा जखम नसलेल्या सत्शील माणसांची तेथे अडचण होई. मग कारकून दंडावरील देवीचा व्रण पाहून तोच नोंदवी. सगळ्या कचेरीची ओळखीची खूण एकच! या खुणा इतक्या होत्या, तरी १९७४ साली देशात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी निघाले. १९६२ साली मोहीम काढली तेव्हा शेकडा ८० लोकांस टोचण्याचे उद्दिष्ट ठरले होते आणि कित्येक ठिकाणी ते कागदोपत्री पार झाले होते. कारण शाळेतील पोरे हाती सापडत, आणि त्यांनाच पुनःपुन्हा टोचून आकडा भरता येई. लस उत्तम होती, पण तिच्याकडून नुसत्या टक्केवारीने रोग हटविण्याची अपेक्षा केली गेली. रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या घरांस टोचण्याचे धोरण आले तेव्हा वर्ष-दीड वर्षात काम झाले. मे १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही. असो. देवीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस सांगायचे आहे ते बीसीजीविषयी.

तिचा जन्म फ्रान्सातला. काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईंच्या क्षयाचे जंतू घेऊन १९०८ पासून तेरा वर्षांत २३० वेळा एका वाढपात्रातून दुसऱ्यात नेले, तेव्हा त्यांचा दंश बोथट झाला. १९२१ साली ती प्रथम एका अर्भकास पाजण्यात आली. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक गावी त्या लशीत खऱ्या क्षयाचे जंतू मिसळले गेले आणि सत्तरांहून अधिक बालके दगावली. दोष लशीचा नव्हता, हे चौकशीत ठरले. परंतु त्या गावाचे नाव तिला चिकटले ते चिकटलेच. हिंदुस्थानात १९४८ साली मद्रासजवळ गिंडीस तिची प्रयोगशाळा निघाली, मदनपल्लीस कामाचा आरंभ झाला, आणि १९५१ पासून देशभर मोहीम सुरू झाली. आमच्या सातारा जिल्ह्यातील शाळेतही ती तुकडी आली होती. आधी हातावर एक सुई टोचीत, तीन दिवसांनी फोड मोजीत, आणि ज्यांचा फोड उठला नाही त्यांनाच लस देत. आम्हां पोरांचा समज असा की, ज्यांचा फोड उठला ते नापास. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात क्षयाचे जंतू आधीच येऊन बसलेले असत.

१९५५ साली या मोहिमेस मोठाच विरोधक भेटला. चक्रवर्ती राजगोपालाचारी हे हिंदुस्थानचे अखेरचे गव्हर्नर जनरल. मद्रासचे मुख्यमंत्रिपद सोडून त्यांना तेव्हा वर्षच झाले होते. त्यांनी बीसीजीस आपला विरोध का, हे सांगणारी एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. त्यांच्याआधी मद्रासेतच ए. व्ही. रामन नावाचे एक निवृत्त अभियंते या लशीविरुद्ध लिहीत होते. परंतु राजाजींनी लेखणी उचलल्यावर गोष्ट निराळी झाली. उपाय पुरता सिद्ध झालेला नसताना कोट्यवधी निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू घालणे योग्य नव्हे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. दुसऱ्या बाजूस केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ठाम उभ्या होत्या. क्षयाने माणसे मरत होती, रुग्णालयांत खाटा नव्हत्या, औषधे नुकतीच येऊ लागली होती. हाती एक लस होती, ती बाजूस ठेवावी कशी?

मद्रासेस असताना ती पुस्तिका आम्ही मिळवून वाचली. राजाजींची इंग्रजी म्हणजे इस्त्री केलेल्या पंचासारखी. तिला कोठे सुरकुती म्हणून नाही. तरीही वाचून असे वाटले की, दोन्ही पक्ष ज्या मैदानावर लढले ते थोडे चुकीचे होते. लस घातक आहे की निर्धोक, यावर शाई पुष्कळ सांडली. आणि निर्धोकपणाच्या बाबतीत पुढील सत्तर वर्षांनी राजकुमारींच्या बाजूने कौल दिला आहे. पण ‘पुरती सिद्ध झाली आहे काय’ हा राजाजींच्या विरोधातील जो दाणा होता, तो कुणी नीट सोलला नाही. सिद्ध झाली, पण कशासाठी? मुलांसाठी, की मोठ्यांसाठी? विलायतेत १९५० साली सुमारे ५४ हजार शाळकरी मुलामुलींवर जी चाचणी सुरू झाली, तिच्यात बीसीजीने शेकडा ८० संरक्षण दिले. विलायतेत दिले म्हणून हिंदुस्थानात देईल, असे सर्वांनी गृहीत धरले. आम्ही विलायती नियमावल्यांवर वाढलेले लोक. आम्हांस त्यात नवल वाटले नाही.

शेवटी सरकारनेच तो प्रश्न विचारला, आणि याचे श्रेय दिले पाहिजे. १९६८ साली मद्रासला लागून असलेल्या चिंगलपुट जिल्ह्यात जगातील सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे २ लाख ६० हजार माणसे. काहींना लस, काहींना नुसते द्रावण. कुणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यासही ठाऊक नाही. साडेसात वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष १९७९ साली बाहेर आला: मोठ्या माणसांना फुप्फुसाचा जो क्षय होतो, त्यापासून बीसीजीने काहीच संरक्षण दिले नाही. जानेवारी १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकाने, हिंदुस्थानातून बीसीजीविषयी आलेली वाईट बातमी, अशा मथळ्याखाली त्यावर अग्रलेख लिहिला.

आम्ही त्या वेळी मद्रासेस होतो. आमच्या हाताखाली रत्नागिरीकडचे एक तरुण साहाय्यक होते. १९७८ च्या अखेरीस त्यांना क्षय निघाला. त्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण स्पष्ट होता. शाळेत टोचल्याची आठवणही होती. पूर्वी असे निदान झाले की माणूस सॅनेटोरियमची वाट धरी. परंतु मद्रासच्याच क्षय-संशोधन केंद्राने १९५९ साली सिद्ध केले होते की, घरी राहून औषधे नियमाने घेतली तरी रोगी तितकाच बरा होतो आणि घरच्या माणसांस त्यामुळे अधिक धोका होत नाही. ते गृहस्थ घरी राहूनच औषधे घेत राहिले. सुया, गोळ्या, पुनः सुया. काही महिन्यांत थुंकीतील जंतू नाहीसे झाले. आणि १९८० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरी मुलगी झाली.

परमुलखात साहेबाचा ‘भावोजी’ व्हायला वेळ लागत नाही. बारशाच्या आधीच त्यांची मंडळी आमच्या घरी निरोप पाठविती झाली की, इस्पितळातले लोक मुलीला क्षयाची लस टोचू पाहत आहेत आणि ती टोचू द्यायची नाही असे तिने ठरविले आहे. आमच्या घरातून आणि आम्ही मिळून गेलो. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. यजमानांनी इंग्रजी वर्तमानपत्रातील चिंगलपुटची बातमी त्यांना वाचून दाखविली होती. त्या म्हणाल्या, “भावोजी, ह्यांना टोचली होती, तरी ह्यांना झाला. आता सरकारच म्हणते उपयोग नाही. मग ह्या एवढ्याशा जिवाला ती सुई कशाला? ह्यांचे वर्षभर काय झाले ते मी पाहिले आहे.”

यावर काय बोलणार? दोन्ही वाक्ये खरी होती. आमच्या घरातून उगीच समजूत घालण्याच्या भरीस पडल्या नाहीत; त्यांनी बाळ मांडीवर घेतले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणण्यास आम्हांस सांगितले. बाई तमिळ, वयस्क, बोलणे तुटक. वहिनींना तमिळ येत नव्हते, इंग्रजी जेमतेम. तेव्हा दुभाष्याचे काम आमच्याकडे आले.

बाई इंग्रजीत म्हणाल्या ते मराठीत सांगू लागलो, तेव्हा प्रथमच आमच्या ध्यानात आले की, आपल्या भाषेत लशीविषयीचे नेहमीचे वाक्य एकच आहे: ‘ही टोचली की तो रोग होत नाही.’ बाईंनी ते वाक्य उच्चारलेच नव्हते. त्या सांगत होत्या ते असे. तान्ह्या मुलाच्या अंगात क्षयाचे जंतू शिरले, तर मोठ्या माणसाप्रमाणे ते फुप्फुसात वर्षानुवर्षे दबून राहत नाहीत. रक्तावाटे सर्वत्र पसरतात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. असे मूल बहुधा दगावते. वाचले तर आंधळे, बहिरे किंवा मतिमंद होण्याची भीती असते. ही लस त्या पसरण्याला आवर घालते. जंतूंना शिरूच देत नाही, असे नव्हे. पंचवीस वर्षांनी या मुलीला खोकला होणार नाही, असेही ती सांगत नाही. तिच्या वडिलांना जो क्षय झाला, तो ही लस टाळू शकत नाही, हे आता चिंगलपुटमध्ये दिसले. पण चिंगलपुटमध्ये मोजले ते थुंकीत जंतू सापडलेले रोगी. आणि मेंदूच्या तापाने जाणारी तान्ही मुले थुंकीचे नमुने देत नसतात.

हे शेवटले वाक्य ऐकताच आमच्यातला हिशेबनीस जागा झाला. म्हणजे ही बाब तपासणीच्या कक्षेतच नव्हती! वर्तमानपत्राने ‘बीसीजी निरुपयोगी’ असे लिहिले, ते एका लेखाशीर्षाखालच्या आक्षेपावरून सारे अंदाजपत्रकच नामंजूर करण्यासारखे होते.

आम्ही ते सारे मराठीत सांगितले. आमचे भाषांतर मुळाहून तिप्पट लांबले, कारण प्रत्येक ठिकाणी ‘होत नाही’ म्हणण्याचा मोह टाळून ‘झाला तरी’ असे वाक्य बांधावे लागे. वहिनींनी शांतपणे ऐकले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे ही पोरगी पाच वर्षांची होईपर्यंतची ही लस आहे, असे समजू का?” आम्ही तो इंग्रजीत केला. डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या आणि म्हणाल्या, जवळपास तसेच समजा.

त्यांनी लगेच होकार दिला नाही. दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत यजमानांनी आम्हांस कचेरीत विचारले, “साहेब, तुम्ही काय केले असते?” आम्ही म्हणालो, आमच्या मुलाला टोचलेली आहे. ते म्हणाले, “तुमच्या घरात रोगी नव्हता.” त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. ज्या खोलीत बाळ निजणार होते त्याच खोलीत ते वर्षभर खोकले होते, आणि औषध चुकले तर पुनः खोकणार होते. लस फसली तर तिला बोल लावून मोकळे होता येते. न टोचता काही झाले, तर बोल कुणाला लावायचा, हे त्यांना ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला नेऊन टोचून आणले. दंडावर फोड आला, पिकला, दोन महिन्यांनी खपली पडली. तेवढ्या दिवसांत वहिनींनी तो कितीदा पाहिला असेल, देव जाणे.

ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली आहे. बंगळुरास असते, दोन मुलांची आई आहे. तिला क्षय झाला नाही. लशीमुळे झाला नाही काय? आमचे रेल्वेतले अभियंते हा प्रश्न विचारतील आणि त्यांस उत्तर देता येणार नाही. वडील औषध न चुकविता पूर्ण बरे झाले, तेही कारण असेल. बचतीला पावती नसते, म्हणून आमच्या खात्यात बचतीवर कुणी आक्षेप काढीत नाही आणि तिची प्रशंसाही करीत नाही. हजारो बालकांच्या नोंदी एकत्र केल्यावरच कळते की, मेंदूचा व सर्वांगात पसरणारा क्षय बीसीजीने पुष्कळ कमी होतो. म्हणूनच जन्मतः ती टोचण्याचा प्रघात आपल्या देशात आजही चालू आहे. आणि चिंगलपुटच्या पंधरा वर्षांच्या नोंदींचा अखेरचा निष्कर्ष १९९९ साली आला, तोही पहिल्यासारखाच: मोठ्यांना संरक्षण नाही, मुलांना थोडेसे. विलायतेत शेकडा ८० आणि येथे शून्य, असे का, याविषयी विद्वान अद्याप तर्क करतात. मातीपाण्यात क्षयाच्या जंतूंचे जे निरुपद्रवी भाऊबंद असतात, त्यांची ओळख आपल्या लोकांच्या अंगांना आधीच झालेली असते, म्हणून लशीला नवे काही शिकविण्यास उरत नाही, असा एक तर्क आहे. आम्हांस तो मनोरम वाटतो. खरा आहे की नाही, ते विद्वानांनी पाहावे.

राजाजी १९७२ च्या डिसेंबरात गेले. चिंगलपुटची टोचणी तोवर आटोपली होती, निकाल मात्र लागला नव्हता. तो त्यांना कळता तर त्यांनी तो आपला विजय मानला असता काय? वकील होते, मानलाही असता. आणि गिंडीच्या प्रयोगशाळेतील एखाद्या डॉक्टराने तान्ह्या मुलांच्या नोंदी पुढे ठेवून त्यांना तितकाच विजय आपला म्हणून दाखविला असता.

२०२४ साली देशातील अनेक राज्यांत निवडक ठिकाणी प्रौढ माणसांनाच पुनः बीसीजी देऊन पाहण्याचा उपक्रम निघाला. साठीपलीकडचे लोकही त्यात धरले आहेत. मुंबईतही तो आला. आमचे ते जुने साहाय्यक आता तेथेच उपनगरात राहतात, सत्तरी पार करून. सप्टेंबरात एके संध्याकाळी वहिनींचा दूरध्वनी आला. महापालिकेच्या परिचारिका घरी येऊन नावे लिहून गेल्या होत्या.

“मग घेणार का ते?” आम्ही विचारले.

“ते म्हणतात, घेतो. मी त्या मुलीला म्हटले, बाई, आधी ही लस काय करणार ते सांग, आणि काय करणार नाही तेही सांग. आमचे मद्रासला एकदा सगळे बोलणे झालेले आहे.”

“काय म्हणाली?”

“बिचारी प्रामाणिक होती. म्हणाली, आजी, मोठ्यांना किती उपयोग होतो तेच बघायचे आहे, म्हणून तर देतोय; टोचल्यावर अधूनमधून विचारपूस करायला येऊ. मी म्हटले, ये. चहा घेऊन जा.”

मग त्यांनी दिल्लीत थंडी पडू लागली का ते विचारले आणि आमच्या घरातून फोन मागून घेतला.